चालतं सूत

रविवारी सकाळी सव्वासात वाजता धम्मप्रियानं शिलाई मशीनचा खण उघडला, आत हात फिरवला, खण पुरता बाहेर ओढून पालथा केला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून विचारलं, "अहो, यातला पांढऱ्या सुताचा गुंडा कुठं गेला?"

आदर्श चहा गाळत होता. त्यातला निम्मा चहा ओट्यावर गेला. कुठला गुंडा, असं त्यानं विचारलं खरं, पण आवाज असा निघाला की गुंडा यानंच गिळला असावा.

"परित्राणाचा. नवाला भंतेजी येणार, पप्पा कंधारहून निघालेत, आन् खणात नुसता पुठ्ठा पडलाय."

आदर्शच्या तोंडचं पाणी पळालं. तरोड्यातल्या या नव्या घरातला हा पहिलाच कार्यक्रम. भंतेजी परित्राण, म्हणजे रक्षणाचा पाठ म्हणणार. बुद्धमूर्तीपासून निघालेलं पांढरं सूत पाण्याच्या कलशाला वेढा घेऊन भंतेजींच्या हातातून जमलेल्या झाडून सगळ्यांच्या हातात जाणार. पाठ संपला की त्याचे तुकडे करून ज्याच्या त्याच्या मनगटाला बांधायचे. हे त्याला कळत्या वयापासून माहीत. म्हणजे सगळं येऊन थांबतं त्या सुतापाशी. आणि ते सूत या भल्या माणसानं गेल्या तीन आठवड्यांत संपवून टाकलं होतं.

मूळ दोष गुटख्याचा. डॉक्टरांनी तो बंद करायला सांगितला आणि हाताला काहीतरी चाळा द्या म्हणाले. आदर्शनं आधी शेंगा फोडून पाहिल्या, तर वजन वाढलं. मग एक दिवस मोबाइलवर एक बाई क्रोशाच्या सुईनं दोरा विणताना दिसली. साखळीचा टाका, अगदी नवशिक्यांसाठी, पाच मिनिटांत येतो, असं ती हसून सांगत होती. आदर्शला नऊ दिवस लागले.

सुई आणायला तो वजिराबादेतल्या एका लेडीज स्टोअरमध्ये गेला आणि कुणी काही विचारलेलं नसताना 'मिसेससाठी पाहिजे' असं तीनदा बोलला. लोकर मागायला पुन्हा त्या दुकानाची पायरी चढायची हिंमत झाली नाही. घरात मशीनच्या खणात एक पांढरा गुंडा दिसला. मशीनच्या खणात आहे म्हणजे मशीनचा असणार, इतका सरळ विचार करून त्यानं तो उचलला. सरकारी कचेरीत अठरा वर्षं काढलेल्या माणसानं एवढा सरळ विचार करावा, हेही नवलच म्हणायचं.

रोज संध्याकाळी, टाकीत पाणी किती आलं ते बघून येतो, असं सांगून तो गच्चीवर जायचा. दोऱ्याचा फास करायचा, फासात सुई घालायची, सुईच्या आकड्यात दोरा धरायचा आणि फासातून ओढून घ्यायचा. झाली एक साखळी. सांगायला एवढंच. करायला गेलं की पहिल्या साखळ्या अशा आवळल्या जायच्या की सुई आत अडकून बसायची. त्याच सैल सोडल्या तर त्यातून बोट जायचं. नवव्या दिवशी मात्र साखळी एकसारखी पडायला लागली, टपोऱ्या गव्हासारखी, एकीला लागून एक. आदर्शला एवढा आनंद पगारवाढ झाली तेव्हाही झाला नव्हता. पुढचा धडा मुका खांब नावाच्या टाक्याचा होता. तो त्यानं दोनदा पाहिला आणि दोन्ही वेळा डोकं गरगरलं. म्हणून मग साखळीच. साखळीवर साखळी, पुठ्ठा लागेपर्यंत.

आता लपवून उपयोग नव्हता. त्यानं दाराजवळच्या खुंटीवरचं हेल्मेट काढलं, आतून सुई आणि प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून साखळीचं वेटोळं काढलं आणि बायकोच्या हातात देऊन सगळं सांगून टाकलं. धम्मप्रिया पलंगाच्या कडेला बसली. तिनं वेटोळं पाहिलं, नवऱ्याचे हात पाहिले, परत वेटोळं पाहिलं.

"तुमी केलं हे?"

"हाव."

"मला वाटलं, गच्चीवर जाऊन गुटखा खाऊन राह्यलात."

तिला राग आला होता की बरं वाटलं होतं, ते आदर्शला काही केल्या कळेना. बहुतेक तिलाही कळत नसावं. पण ती भानावर लवकर आली आणि हे उसवा म्हणाली. आदर्शनं साखळीचं सुरुवातीचं टोक धरून ओढलं. गाठ आवळली. जोरात ओढलं, आणखी आवळली. घालायची कशी ते बाईनं शिकवलं होतं, काढायची कशी ते कधी शिकवलंच नव्हतं. दुसरंही एक टोक असतं, आणि ते बिचारं गाठ न मारता तसंच लोंबत होतं, हे त्या घाईत दोघांनाही सुचलं नाही.

आदर्श तसाच चपला घालून कोपऱ्यावर संगप्पाच्या किराणा दुकानात पळाला. संगप्पाकडं लाल-पिवळा नाडा होता आणि पोती शिवायची सुतळी होती. त्यानं दोन्ही मोठ्या आपुलकीनं पुढं केली. पांढरं सूत बाजारात मिळतं, पण रविवारी दहाच्या आधी शटर उघडत न्हाई कुणी, म्हणाला. आदर्श हात हलवत परत आला, तेव्हा दारात सासऱ्यांची मोटारसायकल लागलेली होती.

सासरे म्हणजे ज्ञानोबा गुरुजी. निवृत्त मुख्याध्यापक. बायको, जावई, सगळे त्यांना गुरुजीच म्हणत. पप्पा म्हणायचा हक्क धम्मप्रियानं लाडकी म्हणून मिळवलेला. निवृत्तीनंतर गुरुजी गावोगाव अंधश्रद्धेवर कार्यक्रम करत. नारळातून धूर कसा काढतात, लिंबातून रक्त कसं येतं, ते स्टेजवर करून दाखवत आणि भोंदूंची पार अब्रू काढत. जावयाबद्दल बारा वर्षांत ते एकच वाक्य बोलले होते: "नोकरी आहे, ते बरं आहे." ते वाक्य आदर्शला झोपेतही टोचायचं. आज नव्या घरात तरी गुरुजींनी मान डोलवावी, एवढीच त्याची इच्छा होती. घरावर आयुष्याची पुंजी लागली होती, पण खरी धडधड या मान डोलवण्याची होती.

गुरुजी हॉलमध्ये उभे होते आणि त्यांच्या हातात साखळी होती. धम्मप्रियानं दुसरा उपाय नाही म्हणून तीच ताटात ठेवली होती. गुरुजींनी ती बोटांवरून फिरवली, चष्मा वर करून पाहिली आणि म्हणाले, "काम चांगलं आहे. वीण एकसारखी आहे. जावईबापू, कुठून आणलं हे सूत?"

आदर्शच्या कानात वारं शिरल्यासारखं झालं. बारा वर्षांत पहिल्यांदा 'चांगलं' हा शब्द. सांगून टाकावं असं एक क्षण वाटलं. पण मी गच्चीवर बसून सुईनं विणलं, हे वाक्य सासऱ्यांसमोर म्हणायला जीभ उचलेना.

"बोधगयेहून मागवलं," तो म्हणाला.

धम्मप्रियाच्या हातातली फुलांची परडी कलली. गुरुजींनी मात्र मान डोलवली. चक्क डोलवली.

नऊला भंतेजी आले. हॉल भरला, ओसरी भरली, अंगणातल्या मांडवाखाली पंधरा-वीस माणसं बसली. गुरुजींनी माईक घेऊन, आमच्या जावयांनी आजचं सूत खास बोधगयेहून आणलं आहे, असं जाहीर केलं. माना वळल्या, कौतुकाची कुजबुज झाली. लगेच सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते म्हणताना आदर्शचा आवाज असा काही बारीक झाला की शेजारच्या माणसानं त्याला पाण्याचा ग्लास दिला.

सूत वाटायला लागलं तेव्हा पहिली पंचाईत झाली. गुंड्यात भरपूर असलेलं सूत साखळीत आखडून चौथाई झालं होतं. मूर्ती, कलश, भंतेजी, पुरुषांची रांग, बायकांची रांग, एवढ्यातच ते संपलं. शेवटचं टोक हॉलच्या दारात बसलेल्या धुरपताबाईंच्या हाती आलं. धुरपताबाई म्हणजे आदर्शची औशाची आत्या. ओसरीतली आणि अंगणातली मंडळी रिकाम्या हातांनी बसून राहिली. बोधगयेचं सूत एवढंसंच असतंय का, असं कुणीतरी मागं विचारलंही.

पाठ सुरू झाला. सगळ्यांनी डोळे मिटले. आता खरं तर काही व्हायला नको होतं. पण धुरपता आत्याच्या बोटांना जन्मात स्वस्थ बसणं माहीत नाही. हातात आलेलं टोक चार बोटं तोकडं होतं, धरायला नीट येईना, म्हणून त्यांनी ते जरासं ओढलं. ते आलं. आणखी ओढलं, आणखी आलं. पुढची बाई ढील देऊन राह्यली, असं त्यांना वाटलं. कुणी एवढ्या प्रेमानं देतंय तर नाही कशाला म्हणायचं, म्हणून त्या डोळे मिटून, अगदी भक्तिभावानं, ओढत राहिल्या. सूत मांडीवर साठत गेलं.

आत्याच्या पलीकडं शेजारच्या तुळजाबाई बसल्या होत्या. त्यांच्या मुठीत टुक टुक झालं. त्यांनी एक डोळा उघडला. मुठीतला जाड गोफ बघता बघता बारीक झाला आणि सरसरत निघून गेला. मग तिसऱ्या बाईच्या मुठीत टुक टुक. मग चौथीच्या. बायकांची रांग डोळे उघडत गेली. सूत चालत होतं. कुणी ओढताना दिसेना, कारण आत्याची मांडी पदराखाली होती आणि चेहऱ्यावर इतकी शांती होती की त्यांच्यावर शंका घेणं पाप वाटावं.

"चालून राह्यलं बाई," तुळजाबाई पुटपुटल्या. "बोधगयेचं हाय. जित्तं हाय."

ते पुटपुटणं सुतापेक्षा वेगानं पुरुषांच्या रांगेत पोचलं. तिथं एकानं मोबाइल बाहेर काढला. आदर्शचे डोळे तोवर उघडले होते आणि ते परत मिटायला तयार नव्हते. त्याच्या मुठीतही टुक टुक झालं. आपण घातलेली एकेक साखळी आपल्याच मुठीत सुटतेय, हे त्या क्षणी आधी त्याच्या बोटांना कळलं आणि मग डोक्याला. पुढची मूठ गुरुजींची होती.

गुरुजींनी डोळे उघडले. मुठीकडं पाहिलं. भंतेजी शांतपणे पाठ म्हणत होते, म्हणून ते गप्प राहिले. पण पाठ संपून सगळ्यांचं 'साधु, साधु, साधु' म्हणून झालं, तसा गुरुजींनी माईक हातात घेतला.

"कुणीही जागचं हलायचं नाही," ते वर्गात बोलावं तसं बोलले. "या घरात चमत्कार होत नसतात. प्रत्येक गोष्टीला कारण असतं आणि ते सापडल्याशिवाय जेवणं नाहीत."

मग शोध सुरू झाला. वाऱ्यानं हलत असेल म्हणून गुरुजींनी पंखे बंद करायला लावले. मे महिना, नांदेड, हॉलमध्ये साठ माणसं. पाच मिनिटांत सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले. पोरांनी ओढलं का, म्हणून पोरं रांगेत उभी केली. उंदीर असेल म्हणून सोफा हलवला. भंतेजी एका बाजूला बसून कुतूहलानं सगळं पाहत होते. काहीच सापडेना, तेव्हा गुरुजींचा चेहरा कठोर झाला आणि ते जावयाकडं वळले. त्यांनी त्या दुकानाचा पत्ता मागितला. बोधगयेच्या पवित्र नावावर कुणी जादूचं सूत विकत असेल तर आज संध्याकाळच्या आत पोलिसांत लेखी तक्रार जाईल, आणि वरती फिर्यादी म्हणून जावयाचं नाव असेल, असं त्यांनी सर्वांसमक्ष सांगितलं.

आदर्शला वाटलं, फरशीनं आपल्याला पोटात घ्यावं. फरशी नवीन होती, पक्की बसवलेली होती. पत्ता आठवून सांगतो, असं काहीतरी तो बोलून गेला असता. वेळ मारून नेण्यात तो तरबेज होता; कचेरीत दुसरं करतात काय. पण तेवढ्यात तुळजाबाई हात जोडून पुढं आल्या.

"मला ह्यातलं हातभर द्या, भाऊ. आमच्या ऋतुजाला तीन दिस झाले ताप हटंना. आज दवाखान्यात न्यायचं होतं. आता न्हाई नेत. हेच बांधते."

आदर्श तुळजाबाईंच्या जोडलेल्या हातांकडं बघू लागला. सासऱ्यांनी आयुष्यभर ज्या गोष्टीशी भांडण मांडलं, ती गोष्ट त्यांच्याच लेकीच्या घरात, आपल्या एका थापेमुळं, आत्ता या बाईच्या तोंडून बाहेर पडत होती. आणि त्या पोरीला खरोखरच ताप होता.

"न्हाई, काकू," तो म्हणाला. "पोरीला दवाखान्यात न्या. आत्ताच न्या. हे सूत बोधगयेचं न्हाई. हे मी विणलंय."

तेवढ्यात आत्याच्या मांडीवरून सुताचा एक वेढा घसरला तो सगळ्यांनी पाहिला. गुरुजींना वाटलं आपण नीट ऐकलं नाही. त्यांनी परत विचारलं. आदर्शनं परत सांगितलं, या खेपेला गुटखा, गच्ची, टाकी आणि लेडीज स्टोअर सगळं धरून. 'क्रोशा' हा शब्द आला तेव्हा मागं कुणीतरी फिसकन हसलं. गुरुजी हसले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, मग तांबडा झाला. धम्मप्रिया वडिलांकडं पाहायचं टाळून पाण्याच्या जारची झाकणं सरळ करत होती.

"सुई आहे?" गुरुजींनी विचारलं.

"हाय."

"घेऊन या. सगळ्यांसमोर करून दाखवा."

हेल्मेटातून सुई आली. आदर्श सतरंजीच्या मधोमध बसला. आत्याच्या मांडीवरच्या सुताचं टोक घेतलं, फास केला आणि साखळी घालायला लागला. साठ माणसं वाकून बघत होती. पहिल्या चार साखळ्या भीतीनं आवळल्या गेल्या. पाचवी बरी पडली. दहाव्या साखळीला तो लोकांना विसरला. वीसेक झाल्यावर त्यानं सुई काढून घेतली आणि सुटं टोक गुरुजींच्या हातात दिलं. गुरुजींनी ओढलं. टुक टुक टुक टुक करत अख्खी साखळी सुटली आणि त्यांच्या हातात सरळ दोरा उरला.

"आगं बया," धुरपता आत्या म्हणाल्या. "म्हंजी मीच वडून राह्यले हुते व्हय."

मग मात्र सगळा हॉल हसला. भंतेजीही हसले. हसू ओसरल्यावर ते म्हणाले, सूत आता पूर्ण मोकळं झालं आहे, तर पाठातलं एक सूत्र आपण पुन्हा म्हणू. सूत परत वाटलं, आणि या वेळी ते ओसरी ओलांडून अंगणातल्या मांडवात, अगदी कडेला उभ्या असलेल्या संगप्पापर्यंत पोचलं. सुरुवातीला पंचशील परत म्हणायचं झालं. चौथं शील आलं तसे गुरुजी थांबले आणि ते एकट्या जावयाकडून, मोठ्यानं, दोनदा म्हणवून घेतलं. तुळजाबाई तोवर ऋतुजाला रिक्षात घालून डॉक्टरकडं गेल्या होत्या.

जेवणं होईपर्यंत गुरुजी आदर्शशी एक शब्द बोलले नाहीत. आदर्शला वरणभात गिळवेना. संपलं, बारा वर्षांत एकदा मिळालेला 'चांगलं' शब्दही परत गेला, असं तो धरून चालला होता. पाहुणे पांगल्यावर गुरुजींनी त्याला खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढं डायरी उघडी होती आणि बाजूला क्रोशाची सुई होती. पुढच्या रविवारी अर्धापूरला कार्यक्रम आहे, ते म्हणाले, आणि नारळाचा धूर लोकांना आता पाठ झाला आहे. नवीन प्रयोग हवा होता. 'चालतं सूत' असं नाव त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं.

"प्रयोग तुम्ही करायचा. पत्रक आज रात्री सगळ्या ग्रुपांवर जाईल. नावापुढं काय लिहू? क्रोशा विणकर?"

सगळ्या ग्रुपांवर म्हणजे कचेरीतही. नुसतं सरकारी कर्मचारी लिहिलं तर चालंल का, असं आदर्शनं हळूच विचारलं. गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं.

"विणकर पण नका लिहू, गुरुजी. मला एक साखळीच येते. मुका खांब दोनदा बघितला, जमला न्हाई. विणकर लिहिलं तर ते खोटं हुईल. शिकाऊ लिहा."

गुरुजींनी मान खाली घातली आणि ठळक, वळणदार अक्षरात 'शिकाऊ' लिहिलं. लिहिताना डाव्या मुठीत दडवलेलं काहीतरी डायरीवर पडलं. दोऱ्याचा छोटासा तुकडा होता. त्यावर सात साखळ्या होत्या, पैकी तीन इतक्या आवळलेल्या की मुंगी शिरणार नाही.

आदर्शनं तो उचलला, उजेडात धरला आणि, दोरा बोटावर जरा सैल ठेवा गुरुजी, असं म्हणाला. बोलून झाल्यावर त्याचा त्यालाच धक्का बसला. गुरुजींनी निमूटपणे मान डोलवली. मग पत्रकाच्या त्या मजकुरात आदर्शच्या नावानंतर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, 'निवृत्त मुख्याध्यापक' अर्धं लिहून खोडलं, आणि 'शिकाऊ'च्या अलीकडं थोडी जागा होती तिथं बारीक अक्षरात 'दोघेही' घातलं.